कापलेला दोर, रिकामी कडी

१

चहाला अजून उकळीही फुटली नव्हती, तेवढ्यात धक्क्यावरून व्याह्यांची आरोळी आली, "होडी कुठाय? अरे, माझी होडी कुठाय?"

सिस्टर आपल्या लाकडी खोलीच्या पायरीवर बसून मोजे चढवत होत्या. जन्मभर ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून उभ्या राहिलेल्या या बाईंना घरीदारी सगळेच सिस्टर म्हणत. नोकरी संपल्यावर त्या पहिल्यांदाच लेकीच्या सासरी निवांत राहायला आल्या होत्या. सासर म्हणजे तळ्याकाठचं एक शिबिर. मुलांच्या तुकड्या तिथे यायच्या आणि वल्हवायला, तंबू ठोकायला, गाठी मारायला शिकून जायच्या. सिस्टरांची लेक त्यांना चाकू, करवत आणि कुऱ्हाड कशी धरायची ते शिकवायची. आपली मुलगी परक्यांच्या पोरांच्या हातात चाकू देते, हे सिस्टरांना आधी मुळीच पटलं नव्हतं. पण तिचा एक वर्ग पाहिला आणि त्या गार झाल्या. "खाली लाकूड, पुढे मोकळी जागा, आणि जिभेला सुट्टी," असं लेक म्हणायची, आणि अख्खी तुकडी खाली मान घालून काठ्या तासायची.

एक मोजा पायात आणि एक हातात, अशा थाटात सिस्टर धक्क्यावर पोचल्या.

होडी नव्हती. धक्क्याच्या खांबाला पिवळा जाड दोर गुंडाळलेला होता, पण हातभर खाली लोंबून तो संपत होता. टोक कापलेलं होतं.

ही होडी व्याह्यांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून बांधली होती. बायको गेली, होडी राहिली. दर दोन-चार महिन्यांनी ते तिला तेलपाणी करत, आणि संध्याकाळी स्वतः वल्हवून आणून स्वतःच्या हाताने बांधत. दुसऱ्या कुणी दोराला हात लावलेला त्यांना खपत नसे.

एव्हाना सगळे जमले होते. हातात झारा घेतलेले जावई, कारण शिबिराचा मुदपाकखाना त्यांच्याकडे होता. सिस्टरांची लेक. जावयांचा भाऊ धाकटा, जो मुलांना वल्हवायला शिकवायचा. आणि सुट्टीत पाखरांचे फोटो काढायला येऊन राहिलेला एक पाहुणा, ज्याला सगळे पक्षीवाला म्हणत.

व्याह्यांनी दोराचं टोक उचलून पाहिलं आणि ते धाकट्याकडे वळले.

"काल जेवताना काय म्हणालास तू? ही होडी फोडून शेकोटीत घाला, असंच ना?"

"बाबा, ते रागात होतं! प्लास्टिकच्या नव्या होड्या घेऊ म्हटलं तर तुम्ही ऐकूनच घेईनात, म्हणून बोललो."

"बोललास आणि केलंस. उद्या मुलं यायच्या आत बॅग भर."

धाकट्याचा चेहरा उतरला. पाठ फिरवून तो चालायला लागला, आणि सिस्टरांनी पाहिलं की आपल्या लेकीच्या तोंडचं पाणी पळालं आहे.

२

"आई, तुम्हीच बघा काय ते," जावई हळू आवाजात म्हणाले. "आमच्यातल्या कुणी चौकशी केली तर एकाची दोन भांडणं होतील."

"बघू देत," व्याही गुरगुरले. "विहीणबाईंना वाटेल ते विचारू देत. पण चोर घरातला आहे, मी आत्ताच सांगून ठेवतो."

सिस्टरांनी आधी दुसरा मोजा चढवला. मग चष्मा लावून त्या खांबापाशी उकिडव्या बसल्या. आयुष्यभर त्यांनी धारदार पात्यांनी झालेले काप जवळून पाहिले होते, आणि बोथट पात्यांनी झालेले पाहून डॉक्टरांना चार शब्द सुनावलेही होते. हा काप सुरेख होता. पिळाचे सगळे पदर एका पातळीत, कुठे ओढाताण नाही की पिंजलेला धागा नाही. धक्क्याच्या फळ्यांवर मात्र कापल्याची एकही खूण नव्हती.

'ज्याने कापलं त्याला घाई नव्हती,' त्या मनात म्हणाल्या. 'आणि पातं जिवापाड जपलेलं होतं.'

मग त्यांनी एकेकाला गाठलं.

पक्षीवाला झाडाखाली कॅमेरा पुसत होता. "काल संध्याकाळी मीच होतो होडीत," तो म्हणाला. "बाबांनी मला पाणकोंबडीच्या घरट्यापाशी नेलं. परत आलो, मी पिशव्या घेऊन पुढे निघालो. ते दोर बांधत मागे राहिले. बराच वेळ लागला त्यांना, मी वळून पाहिलंसुद्धा."

"उद्या मुलं आली की तुमची पाखरं उडणार, नाही का?"

"उडणारच हो!" तो मोकळेपणाने हसला. "पण म्हणून मी होडी सोडीन? त्या होडीशिवाय मला घरट्यापर्यंत नेणार कोण?"

मुदपाकखान्यात जावई भाजी चिरत होते. सिस्टरांनी सवयीने एक सुरी उचलून धार पाहिली आणि नाक मुरडलं.

"बाबांनी या वयात एकट्याने वल्हवू नये असं मला वाटतं, हे खरं," जावयांनी कबूल केलं. "त्यावरून आमची वादावादीही झाली आहे. पण आई, त्या होडीवर माझ्या आईचा हात फिरलाय."

धाकटा खोलीत खरोखरच बॅग भरत होता. शर्टाच्या घड्या करायच्या सोडून तो ते नुसते कोंबत होता.

"सिस्टरमावशी, मी गरम डोक्याचा आहे. पण एवढा नालायक नाही."

"मग निघालास कशाला? थांब की."

"बाबांना मी केलं असं वाटू शकतं, एवढंच मला पुरे झालं."

"काल जेवताना कोण कोण होतं, तू ते बोललास तेव्हा?"

"सगळे. एक वहिनी नव्हती. तिचं डोकं दुखत होतं, लवकर झोपली ती."

शेवटी त्या व्याह्यांकडे गेल्या. ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. चहाचा पेला त्यांनी दोन्ही तळहातांमध्ये धरला होता, लहान मूल धरतं तसा. शर्टाच्या बाह्यांची बटणं उघडी होती.

"काल दोर तुम्हीच बांधलात ना?"

"मीच. या तळ्यावर माझी गाठ कधी सुटलेली नाही." एवढं बोलून त्यांनी पाण्याकडे तोंड फिरवलं, आणि सिस्टरांना वाटलं, या माणसाला राग आलाय खरा, पण नुसता राग नाही आला.

३

दुपारचं जेवण उरकल्यावर सिस्टरांनी लांब टेबल पुसून घेतलं आणि त्याच पिवळ्या दोराचं जुनं वेटोळं त्यावर ठेवलं.

"प्रत्येकाने आपापलं हत्यार आणायचं," त्यांनी फर्मावलं. "आणि माझ्यासमोर एकेक तुकडा कापायचा."

"परीक्षा घेताय की काय?" पक्षीवाला म्हणाला.

"घेतेय. कॉपी करायची नाही."

पहिला नंबर त्याचाच लागला. त्याच्या किल्ल्यांच्या जुडग्यात घडीचा इवलासा चाकू होता. तो पदर एकेक करून कुरतडत बसला. कपाळावर घाम आला तेव्हा कुठे दोर तुटला, आणि टोकाला तीन पायऱ्या पडल्या.

जावयांची सुरी दोरावर नुसती लोळली. दोर चेपला, फुगला आणि शेवटी दमून सुटला. "रोज हीच जेवायला घालते सगळ्यांना," ते ओशाळून म्हणाले.

धाकट्याला मुद्दाम बोलावून आणावं लागलं. त्याच्या कमरेचा चाकू झोकदार होता. पातं अर्धं सपाट, अर्धं दातेरी. पाण्यात काही अडकलं तर झटकन कापता यावं म्हणून असा चाकू. त्याने एका ओढीत दोर तोडला. पण दातांनी टोक पिंजून काढलं, अगदी कंगवा फिरवल्यासारखं.

सिस्टरांनी खांबावरचा तुकडा त्याच्याशेजारी ठेवला. एक पिंजलेला, एक गुळगुळीत. आंधळ्यालाही फरक कळला असता.

"बघा व्याही. हा काप तुमच्या धाकट्याच्या चाकूचा नाही."

"दुसरा चाकू घेतला असेल," व्याही पुटपुटले, पण आवाजात सकाळचा जोर नव्हता. त्यांनी आपली छोटी कुऱ्हाडही आणली होती. ती उचलून त्यांनी घाव घातला. घाव तिरका बसला आणि दोर नुसता चपटा झाला. दुसऱ्यांदा ते उचलायला गेले नाहीत.

राहिली लेक. ती हत्यारांच्या कोठीत गेली आणि घडीची करवत घेऊन आली. झाडाच्या फांद्या कापायची, मोठ्या दातांची. टेबलाशी येऊन तिने दोरावर करवत चालवली. धागे सगळीकडे उडाले, टोकाचं पार झिपरं झालं.

"माझंही जुळत नाही," ती म्हणाली. तिने वर पाहिलं नाही.

सिस्टरांनी ते झिपरं टोक बोटांत फिरवून पाहिलं. परवाच्याच वर्गात एका मुलाने दोराला करवत लावली होती, तेव्हा हीच लेक ओरडली होती, "करवत लाकडाला! दोराला चाकू! हत्याराचा अपमान करू नका!"

आणि आज तिने स्वतःच तो केला होता. सगळ्यांसमोर.

४

"दिसली! होडी दिसली!"

पक्षीवाला दुर्बीण घेऊन धक्क्यावर गेला होता. पलीकडच्या काठाला, वेतासारख्या उंच गवतात होडीचं टोक अडकलेलं होतं. रात्री वारा इकडून तिकडे वाहत होता, तोच तिला घेऊन गेला होता.

मुलांना शिकवायची एक जुनी होडी काढून दोघे भाऊ निघाले. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले ते दोघे, वारा अंगावर घेत एका लयीत वल्हवत गेले आणि होडीला मागे ओढत परत आले. व्याह्यांनी होडीच्या कडेवरून तळहात फिरवला. कुठे चीर नाही, कुठे भोक नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून सगळ्यांनी थोडा वेळ दुसरीकडे पाहिलं.

सिस्टरांनी मात्र होडीच्या पुढच्या टोकाकडे पाहिलं. तिथे लोखंडी कडी होती. कडीला काहीच नव्हतं.

"दोराचं उरलेलं टोक सोडवलंत का रे तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. "काही नव्हतंच कडीला. आम्ही आमचाच दोर लावून ओढून आणली."

"असं होय," सिस्टर एवढंच म्हणाल्या. पण त्यांच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. दोराचं एक टोक खांबाला कायमचं बांधलेलं असे, दुसरं रोज संध्याकाळी होडीच्या कडीला. दोर मधे कापून होडी सोडली असती, तर अर्धा तुकडा खांबाला राहिला असता आणि अर्धा कडीला लोंबत गेला असता. कडी रिकामी होती. याचा अर्थ दोर कापला तेव्हा तो होडीला बांधलेलाच नव्हता.

होडी आधी गेली होती. दोर नंतर कापला गेला.

मग उरलेला तुकडा कुठे गेला? आणि निघून गेलेल्या होडीचा दोर कोण कशाला कापेल?

५

हत्यारांची कोठी लेकीने देवघरासारखी ठेवली होती. कुऱ्हाडी खुंट्यांना टांगलेल्या, करवती मिटलेल्या, चाकू म्यानात घालून ओळीने लावलेले. धार लावायचा दगड फडक्यात गुंडाळलेला. सिस्टरांनी एक चाकू म्यानातून काढला आणि पातं उजेडात धरलं. मान हलवून त्यांनी तो परत ठेवला. असं पातं त्यांनी स्वतः वाढवलेल्या मुलीचंच असू शकत होतं.

कोपऱ्यात एक टोपली होती. वर्गात मुलांना चाकूखाली ठेवायला दिलेले लाकडी ठोकळे त्यात होते. सिस्टर एकेक ठोकळा उलटून पाहू लागल्या. जुन्या खुणा मळून काळ्या पडल्या होत्या. एका ठोकळ्यावर मात्र ताजी, सरळ रेघ होती, आणि रेघेत एक पिवळा धागा रुतून बसला होता.

टोपली बाजूला केली, तर मागे ओल्या दोराचं वेटोळं.

"आई."

लेक दारात उभी होती.

"ये. दार लोटून घे," सिस्टर म्हणाल्या. "दोर चोरून कापतानासुद्धा खाली लाकूड घेतलंस होय गं?"

लेक हसली आणि हसता हसता रडायला लागली. सिस्टरांनी तिला उपड्या बादलीवर बसवलं, स्वतः दुसऱ्या बादलीवर बसल्या.

"उजाडताना गेले मी धक्क्यावर. होडी नव्हती आणि अख्खा दोर पाण्यात पडला होता. कापलेला नाही, तुटलेला नाही. नुसता सुटलेला. काल बाबांनी बांधली होती, आई. ते हल्ली विसरतात असं मला वाटतंय. परवा बंबावरचं झाकण विसरले. हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी होडीला पुन्हा हात लावला नसता. त्या व्हरांड्यातल्या खुर्चीत जे बसतील ते उठायचेच नाहीत."

"म्हणून तू दोर कापलास."

"वाटलं, पलीकडच्या काठावरच्या कुणा टवाळ पोरांनी केलं म्हणतील. चार दिवस हळहळतील, होडी सापडेल, विसरतील. जेवताना धाकट्या भाऊजींनी काय बोलून ठेवलंय ते मला ठाऊकच नव्हतं! बाबा त्यांच्यावर ओरडले तेव्हा माझी जीभच टाळ्याला चिकटली. मग क्षणाक्षणाने आणखीच अवघड होत गेलं."

"आणि करवत?"

"तुझ्यासमोर माझा चाकू चालवला असता तर तू लगेच ओळखलं असतंस."

"करवत चालवलीस म्हणून तर ओळखलं, बाळ."

सिस्टरांनी पदराने तिचं नाक पुसलं, ती चौथीत असताना पुसायच्या तसंच.

"मन चांगलं होतं तुझं. पण त्याची किंमत तो बॅग भरणारा मोजतोय. चल, सांगून टाक."

"आई, बाबा मोडून पडतील."

"मला नाही वाटत. ते काही विसरलेले नाहीत."

६

व्याही होडीपाशीच होते. लेकीने त्यांच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. मधे एकदाच अडखळली, पण काही लपवलं नाही. जावई झारा विसरून ऐकत राहिले. धाकटा बॅग खांद्याला लावून निघाला होता, तोही पायवाटेवर थबकला.

व्याही होडीची रिकामी कडी तळहाताने पुसत राहिले, आणि सिस्टरांनाही क्षणभर वाटलं, आपलं चुकलं.

"मी विसरलो नव्हतो," ते शेवटी म्हणाले. "गाठ मारत होतो. दोर ओला होता आणि बोटं वळेनात. ओढायला गेलो तर पकडच बसेना. गाठ सैल राहिलीय, हे मला तिथेच कळलं होतं." त्यांनी घसा खाकरला. "धाकट्याला हाक मारायला हवी होती. लाज वाटली. सकाळी होडी दिसली नाही तेव्हा मला माहीत होतं, आपलंच काम आहे हे. आणि मग तो कापलेला दोर पाहिला आणि सुनबाई, खरं सांगतो, मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, चला, आपण नाही. त्या आनंदात पोराच्या अंगावर ओरडलो. जितका मोठ्याने ओरडलो तितकं मला ते खरं वाटत गेलं."

पाणी धक्क्याला थपडा मारत राहिलं.

"व्याही, हात दाखवा बघू," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे केले. सिस्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मनगट वाकवून धरलं, कुठे मुंग्या येतात ते विचारलं.

"सकाळी पेला दोन हातांत धरला होतात. बाह्यांची बटणं लागत नाहीत. रात्री हात बधिर होऊन जाग येते की नाही?"

"येते. तुम्हाला कसं कळलं?"

"मनगटात नस दबत असावी, म्हणून. नक्की काय ते डॉक्टर तपासून सांगतील. पण अशी कितीतरी मनगटं मी टेबलावर पाहिली आहेत. लहानसं ऑपरेशन असतं, आणि नंतर तीच माणसं बायकोच्या हातात बांगड्या भरून देताना पाहिली आहेत. डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या. हट्टाचं मात्र औषध नाही माझ्याकडे."

व्याही हसले. मग धाकट्याकडे वळले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती. दोनदा तोंड उघडून त्यांनी मिटलं.

"ती बॅग खाली ठेव," ते म्हणाले. "मी गाढवासारखा वागलो. तुझ्या आईने मला तळ्यात ढकललं असतं आज."

"ढकललंच असतं," धाकटा म्हणाला. बॅग त्याने खाली ठेवली. "आणि वर वल्ह्याने दोन फटके दिले असते. वहिनी, तू मला आधी सांगायचंस ना गं! दोघांनी मिळून नीट लबाडी केली असती."

"तुला नीट लबाडी कधी जमलीय?" जावई म्हणाले, आणि दिवसभर अडकून पडलेलं हसू एकदम सगळ्यांच्या तोंडातून बाहेर पडलं. लेक दिराच्या पाठीवर बुक्क्या मारत हसत होती आणि डोळे पुसत होती.

उन्हं कलली तशी व्याह्यांनी फर्मान काढलं, होडी सुखरूप आहे की नाही ते पाण्यात घालून पाहायचं. वल्ही धाकट्याकडे. स्वतः ते मागे बसणार, फक्त तोंड चालवणार.

"आणि विहीणबाई पुढे बसतील."

"मी? छे हो! मी जन्मात कधी होडीत पाऊल ठेवलेलं नाही."

"मग काय नुसती चौकशी करून जाणार?"

जावयांनी एक हात धरला, लेकीने दुसरा. सिस्टर साडी सावरत, "अगं धर, अगं सोडू नकोस," म्हणत एकदाच्या फळीवर टेकल्या आणि दोन्ही बाजू घट्ट पकडून बसल्या. होडी हलली. धक्का मागे सरला, धक्क्यावर हात हलवणारे जावई आणि लेक लहान होत गेले. मागून व्याही सांगत होते, डावं वल्हं जरा हलकं, हं, आता लांब ओढ, आणि धाकटा लहानपणापासून येत असलेली गोष्ट पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकत होता.

मधे गेल्यावर सिस्टरांनी एक हात सोडला. मग दुसरा. पाणी गार होतं. बोटांमधून ते सरकत गेलं तशी त्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री उतरली.

"काय सिस्टर, घाबरलात?" व्याह्यांनी विचारलं. "वळवायची का परत?"

"अजिबात नाही," सिस्टर मागे न बघता म्हणाल्या. "आयुष्यभर उभीच होते हो मी. आज कुठे बसलेय. जाऊ द्या अशीच."

धाकट्याने वल्हं लांब ओढलं.